जादूघर आणि संग्रहालय : कोलकात्यातील संग्रहालयभेटीचा इतिहास आणि त्याचे वाङ्मयीन पडसाद

एकोणिसाव्या शतकात ‘म्युझियम’ ही संस्था भारतीय महानगरांत स्थिरावली, तेव्हा तिच्यासाठी भारतीय भाषांना शब्द शोधावा लागला. मराठीने ‘पदार्थसंग्रहालय’, ‘वस्तुसंग्रहालय’ आणि पुढे नुसते ‘संग्रहालय’ हे संस्कृतोद्भव शब्द घडवले. बंगालीत ‘जादूघर’ हा शब्द रूढ झाला. हिंदी-उर्दू प्रदेशात ‘अजायबघर’ हा शब्द चालत आला. मद्रासच्या बोलीत संग्रहालयाला ‘मेलेले कॉलेज’ आणि प्राणिसंग्रहालयाला ‘जिवंत कॉलेज’ अशा अर्थाची नावे पडली. तेथे १८५१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संग्रहालयाच्या आवारातच काही काळ प्राणिसंग्रहालयही होते. त्यामुळे पेंढा भरलेले प्राणी आणि श्वास घेणारे प्राणी यांची तुलना तेथील प्रेक्षकाला सहज सुचली असावी.

या शब्दांमधील भेद केवळ भाषिक आवडीनिवडीचा नाही. ‘संग्रहालय’ हा शब्द संस्थेकडे संग्राहकाच्या बाजूने पाहतो. वस्तू कोणी तरी गोळा केल्या, वर्गीकृत केल्या आणि राखल्या, ही क्रिया त्या शब्दाच्या केंद्रस्थानी आहे. ‘जादूघर’ आणि ‘अजायबघर’ हे शब्द मात्र प्रेक्षकाच्या बाजूने उभे आहेत. दारातून आत आलेल्या माणसाला काय वाटले, हे ते सांगतात. संग्रहालयांचा भारतातील इतिहास बहुतांशी पहिल्या बाजूने, म्हणजे संस्थापक, अभिरक्षक, कायदे, इमारती आणि सूची यांच्या आधारे लिहिला गेला आहे. भेट देणाऱ्या माणसाचा इतिहास त्या मानाने विरळ आहे. तो लिहायचा तर वाङ्मयीन साधनांकडे वळावे लागते. कोलकाता महानगराच्या बाबतीत अशी साधने विशेष समृद्ध आहेत.

सोसायटीच्या दालनापासून चौरंगीपर्यंत

विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये स्थापन केलेल्या एशियाटिक सोसायटीकडे हस्तलिखिते, नाणी, शिलालेख आणि नैसर्गिक नमुने जमत होते. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांनी १८१४ मध्ये या वस्तूंसाठी स्वतंत्र संग्रहालय उभारण्याचा प्रस्ताव सोसायटीपुढे मांडला. आपल्या संग्रहातील दुबार नमुने देण्याची आणि विनावेतन काम पाहण्याची तयारीही त्यांनी दर्शवली. २ फेब्रुवारी १८१४ हा इंडियन म्युझियमचा स्थापनादिन मानला जातो. आरंभीच्या दात्यांत युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर रामकमल सेन आणि बेगम समरू यांच्यासारखी एतद्देशीय नावेही आढळतात. सोसायटीचे सभासदत्व मात्र भारतीयांना १८२९ मध्ये खुले झाले. वस्तू देण्याचा अधिकार भारतीयांना आधी मिळाला आणि वस्तूंविषयी बोलण्याचा नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

१८६६ च्या कायद्याने संग्रहालय शासनाच्या अखत्यारीत आले. वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी आखलेली चौरंगीवरील भव्य इमारत १८७८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. प्रथम पुरातत्त्व आणि पक्षी यांची दालने उघडली गेली. पुढे १८८३-८४ च्या हिवाळ्यात भरलेले कोलकाता आंतरराष्ट्रीय प्रदर्शन याच परिसरात झाले आणि त्यातील वस्तूंनी संग्रहालयाच्या आर्थिक व कलाविषयक विभागात भर घातली. याच सुमारास जॉन अँडरसन यांची पुरातत्त्वीय संग्रहाची दोन भागांतील सूची (१८८३) प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत होती. मार्गदर्शक पुस्तिका ज्या भाषेत आणि दालनांतून फिरणारा मोठा समुदाय ज्या भाषेत, त्यांत असे अंतर होते. ‘जादूघर’ हा शब्द त्या अंतरातच रुजला.

वसाहतकालीन अधिकाऱ्यांना हा शब्द रुचणारा नव्हता. संग्रहालयाने प्रजेला शास्त्रीय दृष्टी द्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रजा मात्र करमणुकीसाठी आणि नवल पाहण्यासाठी येते, अशी तक्रार त्या काळच्या लेखनात वारंवार भेटते. ज्ञान प्रकाश यांनी ‘अनदर रीझन’ (१९९९) या ग्रंथात या तक्रारीची चिकित्सा केली आहे. प्रेक्षकांच्या विस्मयाला अज्ञानाचे लक्षण ठरवल्यामुळेच शिकवणाऱ्याचे स्थान पक्के होत होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. लाहोरच्या अजायबघराचे रडयार्ड किपलिंग यांनी ‘किम’ (१९०१) या कादंबरीच्या आरंभी केलेले चित्रण याच संदर्भात वाचले जाते. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन केल्यानंतर लाहोरला त्या संग्रहालयाचे अभिरक्षक झाले होते. कादंबरीत बौद्ध लामाला ज्ञान देणारा अभिरक्षक दिसतो आणि विस्मय हा पाहुण्याच्या वाट्याला येतो. हे चित्र अभिरक्षकाच्या मुलाने काढलेले आहे, याचा विसर पडू नये. विस्मयाची प्रत्यक्ष प्रेक्षकाने दिलेली साक्ष कशी असते, याचा शोध कोलकात्यात घेता येतो.

जीवाश्म आणि सत्संग

अशी एक साक्ष ‘श्रीरामकृष्ण कथामृत’ या ग्रंथात आहे. महेंद्रनाथ गुप्त यांनी ‘म’ या नावाने लिहिलेल्या आणि १९०२ पासून पाच भागांत प्रसिद्ध झालेल्या या संवादसंग्रहात रामकृष्ण परमहंस (१८३६-१८८६) संग्रहालयाच्या एका भेटीचा उल्लेख करतात. तेथे त्यांना जीवाश्म दाखवण्यात आले होते. एके काळचे जिवंत प्राणी दगड होऊन गेलेले पाहून त्यांनी त्यातून संगतीचा महिमा सांगितला. दगडाच्या सहवासात प्राणी दगड होतो, त्याप्रमाणे साधूच्या सहवासात राहणारा साधू होतो, असा त्यांच्या बोलण्याचा भाव आहे.

या उल्लेखाकडे भाबडेपणाचा नमुना म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु तपशील नीट पाहिला तर काही वेगळे दिसते. सेंद्रिय अवयवांची जागा हळूहळू खनिजांनी घेणे, ही जीवाश्म बनण्याची प्रक्रिया रामकृष्णांनी अचूक टिपली आहे. सहवास, काळ आणि रूपांतर हे तिचे तीनही घटक त्यांच्या दृष्टांतात शाबूत आहेत. बदलली आहे ती ज्ञानशाखा. भूशास्त्राच्या दालनातील वस्तू त्यांनी अध्यात्माच्या परिभाषेत वाचली. दृष्टांत म्हणून वस्तू वापरण्याची संतवाङ्मयाची जी रीत आहे, परिस आणि लोखंड किंवा चंदन आणि भोवतीची झाडे यांची जी परंपरा मराठी वाचकालाही परिचित आहे, त्या परंपरेत त्यांनी एक नवा दाखला दाखल केला. संग्रहालयाने जुन्या दृष्टांतमालेला नवी सामग्री पुरवली. ही घटना ‘अज्ञान’ या शब्दाने संपत नाही. तीत एका वाचनपद्धतीने दुसऱ्या वाचनपद्धतीला दिलेले उत्तर आहे.

अधिकारी आणि कथाकार

दुसरी साक्ष संग्रहालयाच्या आतली आहे. त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय (१८४७-१९१९) हे इंडियन म्युझियममध्ये सहायक अभिरक्षक होते. भारतीय कलाकुसरीच्या वस्तूंवर त्यांनी ‘आर्ट मॅन्युफॅक्चर्स ऑफ इंडिया’ (१८८८) हा संदर्भग्रंथ लिहिला. १८८६ मध्ये लंडनला भरलेल्या वसाहती आणि भारतीय प्रदर्शनासाठी ते गेले होते. त्या प्रवासावरील ‘अ व्हिजिट टु युरोप’ (१८८९) या पुस्तकात त्यांनी एक अनुभव विनोदाच्या अंगाने नोंदवला आहे. प्रदर्शनाला आलेले इंग्रज प्रेक्षक मांडलेल्या वस्तूंइतकेच तेथील भारतीय माणसांनाही निरखून पाहत होते. आपल्या देशात पाहणाऱ्यांच्या बाजूला असलेला अधिकारी तेथे पाहिल्या जाणाऱ्यांच्या बाजूला गेला. त्याने उलट इंग्रज गर्दीचेच निरीक्षण करून तिचे वर्णन लिहिले.

हेच त्रैलोक्यनाथ बंगाली वाङ्मयात ‘कंकावती’ (१८९२) या अद्भुत कादंबरीचे आणि भुताखेतांच्या उपरोधिक कथांचे लेखक म्हणून ओळखले जातात. ‘कंकावती’त तापाने ग्रासलेल्या मुलीच्या स्वप्नसृष्टीत मासे, डास आणि साहेबी पोशाख करून मोडके इंग्रजी बोलणारा बेडूक वावरतात. दिवसा वस्तूंना जात, गुण, उपयोग आणि प्रदेश यांप्रमाणे वर्गांत बसवणारा हा लेखक आपल्या कथांत प्राणी, माणूस आणि भूत यांच्या सीमा मोकळ्या करतो. या दोन कामांत सरळ कार्यकारणभाव दाखवता येणार नाही. मात्र वर्गीकरणाची शिस्त ज्याला पोटातून ठाऊक होती, त्यालाच ती मोडण्याचा विनोद इतका साधला, असे म्हणण्यास जागा आहे. संग्रहालय आणि जादू हे दोन शब्द त्यांच्या लेखनजीवनात एकत्र नांदले.

भरहुतचे दगड

इंडियन म्युझियमच्या पुरातत्त्व विभागातील सर्वांत महत्त्वाच्या वस्तूंत भरहुतच्या स्तूपाची वेदिका आणि तोरण यांची गणना होते. आजच्या मध्य प्रदेशात सतनाजवळ असलेल्या या इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ मध्ये शोधले आणि पुढील वर्षी उत्खनन केले. आसपासच्या गावकऱ्यांनी स्तूपाचे बरेच दगड घरबांधणीसाठी नेले होते. उरलेले अवशेष कोलकात्याला हलवण्याच्या प्रस्तावावर विध्वंसाचा आक्षेप घेण्यात आला होता. ‘द स्तूप ऑफ भरहुत’ (१८७९) या ग्रंथात कनिंगहॅम यांनीच त्याची दखल घेतली आहे. रक्षण आणि उपटून नेणे यांतील तो ताण या दालनाच्या उभारणीतच आहे.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने भरहुतचे वैशिष्ट्य त्याच्या लेखांत आहे. येथील शिल्पपट्टांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत छोटे लेख कोरलेले आहेत. काही लेख शिल्पातील जातककथेचे नाव देतात, काही दृश्यातील व्यक्तीचे किंवा स्थळाचे. म्हणजे आजचे संग्रहालय ज्याला माहितीपट्टिका म्हणते, ती भरहुतला मुळातच होती. चित्र आणि नाव एकत्र वाचण्याची सोय तेथे येणाऱ्या भाविकासाठी त्याच्या परिचयाच्या भाषेत केलेली होती. स्तूप कोलकात्याला आला तेव्हा त्या पट्टिकांखाली आणखी एक पट्टिका लागली. ती परक्या भाषेतील होती.

लेखांचा दुसरा वर्ग दात्यांच्या नावांचा आहे. मराठी अभ्यासकाने येथे थांबावे, असे काही त्यांत आहे. खांब दान देणाऱ्यांत नाशिकची गोरक्षिता नावाची, वसुकाची आई असलेली स्त्री आहे. ‘करहकट’ या गावाच्या दानाचेही लेख आहेत आणि करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. हाइनरिख ल्यूडर्स यांनी सिद्ध केलेल्या भरहुत लेखसंग्रहाचे संस्करण अर्न्स्ट वाल्डश्मिट आणि म. अ. मेहेंदळे यांनी केले व ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. कऱ्हाडचे गाव आणि मेहेंदळ्यांचे संपादन यांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही कोलकात्याच्या दालनातील त्या दगडांपुढे दोन्ही टोके एकत्र येतात.

याच दगडांना बंगाली गद्यात आवाज मिळाला तो राखालदास बंद्योपाध्याय यांच्या ‘पाषाणेर कथा’ (१९१४) या पुस्तकात. राखालदास हे पुराभिलेखतज्ज्ञ होते. कोलकात्याच्या संग्रहालयात काम केल्यानंतर ते पुरातत्त्व खात्यात गेले. पश्चिम मंडळाचे प्रमुख म्हणून पुण्यात असताना त्यांनी १९२२ मध्ये मोहेंजोदडोचे उत्खनन हाती घेतले. ‘पाषाणेर कथा’मध्ये भरहुतचा एक दगडच आपली कहाणी सांगतो. खाणीतून निघणे, शिल्प होणे, राजवटींचे चढउतार पाहणे, विस्मृतीत जाणे आणि अखेर नगरात आणले जाणे, असा त्या आत्मकथनाचा प्रवास आहे. ज्या तज्ज्ञाला मूर्तींच्या इंग्रजी सूची करण्याचा सराव होता, त्यालाच वंगभाषक वाचकासाठी दगडाला प्रथमपुरुषी निवेदक करावेसे वाटले, ही बाब महत्त्वाची आहे. सूचीत वस्तू ही ‘ती’ असते आणि कथेत ती ‘मी’ होते. ‘जादूघर’ या शब्दात प्रेक्षकाने गृहीत धरलेली वस्तूची बोलण्याची शक्ती येथे एका शास्त्रज्ञाने, शास्त्राशी तडजोड न करता, मान्य केली.

परिषदेचे संग्रहालय

राखालदासांनी ज्या दुसऱ्या संग्रहाची सूची केली, तो वंगीय साहित्य परिषदेचा होता. १८९३ मध्ये ‘बेंगॉल अकॅडमी ऑफ लिटरेचर’ म्हणून सुरू झालेल्या आणि पुढच्याच वर्षी बंगाली नाव धारण केलेल्या या संस्थेने पोथ्यांबरोबर शिल्पे आणि नाणीही जमवली. साहित्यसंस्थेने संग्रहालय उभारावे, यामागे एक स्पष्ट भूमिका होती. भाषेचा इतिहास आणि वस्तूंचा इतिहास एकाच भाषेत, एकाच समाजाच्या हातांनी लिहिला जावा, ही ती भूमिका. परिषदेच्या संग्रहालयाची वास्तू ‘रमेश भवन’ या नावाने ओळखली जाते. हे नाव परिषदेचे पहिले अध्यक्ष रमेशचंद्र दत्त यांचे आहे. शिवकालावरील ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ (१८७८) ही बंगाली कादंबरी लिहिणारे दत्त अखेरच्या काळात सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या सेवेत होते आणि १९०९ मध्ये बडोद्यातच त्यांचे निधन झाले.

१९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी या प्रयत्नाची तुलना उद्बोधक ठरते. मंडळाच्या कामाचा कणा कागदपत्रांचा होता. नाणी, चित्रे, शस्त्रे ही त्या कागदांच्या सोबतीने आली. परिषदेत पोथी आणि मूर्ती यांना जवळजवळ समान मान मिळाला. दोन्ही संस्थांनी इंग्रजीत बोलणाऱ्या सरकारी संग्रहालयाला देशी भाषेतून पर्याय दिला. तथापि दोन्हींचा अपेक्षित अभ्यागत अभ्यासक होता. सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह चौरंगीला येणारा माणूस त्यांच्या कक्षेत सहसा आला नाही.

महानगराची इतर घरे

विसाव्या शतकात कोलकात्यात संग्रहालयांची संख्या वाढली आणि भेट देण्याच्या रीतीही वेगळ्या झाल्या. लॉर्ड कर्झन यांनी कल्पिलेले व्हिक्टोरिया मेमोरियल २८ डिसेंबर १९२१ रोजी खुले झाले, तेव्हा राजधानी दिल्लीला हलवण्याच्या घोषणेला दहा वर्षे झाली होती. साम्राज्याचे स्मारक राजधानी नसलेल्या नगराला मिळाले. नगराने ते आपल्या पद्धतीने वापरले. घुमटावरील विजयदेवतेला बंगाली माणूस ‘परी’ म्हणतो. बागेत फिरायला येणारे सारेच आतील दालनांत शिरतात असे नाही. सैयद नूरुल हसन यांच्या प्रेरणेने १९९२ मध्ये येथे कोलकाता नगराच्या इतिहासाचे दालन सुरू झाले आणि सम्राज्ञीच्या वास्तूत नगरवासीयांना स्वतःची कथा प्रथमच सापडली.

जोडासाँको येथील ठाकूरवाडीत भेटीची रीत आणखी निराळी आहे. रवींद्रनाथांचा जन्म १८६१ मध्ये आणि मृत्यू १९४१ मध्ये याच वास्तूत झाला. त्यांच्या अखेरच्या दिवसांची खोली पाहताना अभ्यागताची वृत्ती प्रेक्षकाची राहत नाही, ती यात्रेकरूच्या जवळ जाते. पंचविशे वैशाखाला तेथील अंगण गाण्यांनी भरते. येथे वस्तू मोजक्या आहेत आणि स्मरणाचा भार मोठा आहे.

नगराच्या दक्षिण सीमेवर जोका येथील गुरुसदय संग्रहालय १९६३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सनदी अधिकारी आणि व्रतचारी चळवळीचे प्रवर्तक गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी नोकरीनिमित्त फिरताना जमवलेले पट, साचे, बाहुल्या आणि कांथा तेथे आहेत. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी पुण्यात उभारलेल्या संग्रहालयाची येथे आठवण होते. दोघांनीही राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरातील, विशेषतः स्त्रियांच्या हातांतील वस्तूंना प्रतिष्ठा दिली. गुरुसदय संग्रहात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली एकोणिसाव्या शतकातील कांथा आहे. तिच्यावर अर्पणाचा मजकूर सुईदोऱ्यानेच भरलेला आहे. भरहुतच्या दात्यांप्रमाणे येथेही वस्तूची पट्टिका वस्तूतच आहे आणि ती निर्मातीच्या भाषेत आहे. संग्रहालयांच्या इतिहासात स्त्री-प्रेक्षकांचे लेखन फार थोडे उपलब्ध असताना ही कांथा निराळ्या अर्थाने साधन ठरते. पाहणारी स्त्री अबोल राहिली, तरी करणारी स्त्री आपले नाव लिहून गेली आहे. २०१७ मध्ये या संग्रहालयाला मिळणारे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे आर्थिक साहाय्य थांबले आणि संस्थेपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. ज्या संग्रहांत लोकांची भाषा वस्तूवरच लिहिलेली असते, त्यांचा आधार किती नाजूक असतो, हे त्या घटनेने दाखवले.

शब्दांचा निर्वाळा

१९८३ मध्ये ढाक्याच्या संग्रहालयाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, तेव्हा त्याचे अधिकृत बंगाली नाव ‘बांगलादेश जातीय जादूघर’ असे ठेवण्यात आले. अधिकाऱ्यांना जो शब्द प्रजेच्या अज्ञानाचा पुरावा वाटत असे, तो एका राष्ट्राने आपल्या दारावर लावला. मुंबईत उलट घडले. १८७२ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झाले. विशेषनामे बदलली, सामान्यनाम संग्राहकाच्या बाजूचेच राहिले. बोलीने आपला निवाडा दुसऱ्या रीतीने दिला. भायखळ्याला जाणारे कुटुंब ‘राणीच्या बागेत’ जाते आणि संग्रहालय त्या सहलीचा एक भाग असतो.

यावरून मराठी प्रेक्षकाला विस्मय वाटला नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्या विस्मयाला मराठीने सामान्यनामाचा मान दिला नाही, इतकेच म्हणता येते. त्यामुळे मराठीतील संग्रहालयविषयक लेखनाने संग्रहाची मोजदाद केली आणि प्रेक्षकाची साक्ष नोंदवण्याचे राहून गेले. प्रवासवर्णने, आत्मचरित्रे, कीर्तनातील दाखले, शाळेच्या सहलींवरील लेखन अशा साधनांतून ती साक्ष अजूनही शोधता येईल. रामकृष्णांच्या जीवाश्माइतका एखादा नेमका दाखला मराठी संतपरंपरेच्या उत्तरकालीन वाङ्मयात दडलेला असणे अशक्य नाही.

कोलकात्याचा इतिहास या शोधाला एक तिसरे परिमाण देतो. संग्रह हा शब्द घेणाऱ्याचा आहे आणि जादू हा पाहणाऱ्याचा. भरहुतच्या कठड्यावर कोरलेला शब्द ‘दान’ आहे आणि तो देणाऱ्याचा आहे. वसुकाच्या आईने खांब दिला तो वाटेने येणाऱ्या भाविकासाठी. तिला संग्रहालय ठाऊक नव्हते, परंतु आपली वस्तू अनोळखी माणसे पाहतील आणि आपले नाव वाचतील, ही अपेक्षा तिला होती. चौरंगीच्या दालनात ती अपेक्षा अर्धीच पुरी झाली आहे. वस्तू पाहिली जाते, नाव वाचणारे थोडे आहेत. ते नाव नाशिकहून आलेल्या प्रवाशाला त्याच्या भाषेत वाचता येईल, अशी एक ओळ त्या खांबापाशी लावणे हे मोठे काम नव्हे. संग्रहालयाचा इतिहास प्रेक्षकाच्या बाजूने लिहिण्याचा आरंभ मात्र तेथून होऊ शकतो.